ओळीखालची पट्टी

आज सातवीतला एक मुलगा ‘प्रकाश’ या शब्दापाशी अडला. बोट ‘प्र’वरच थांबलं. डिस्लेक्सिया असला की बरीचशी शक्ती अक्षरं जुळवण्यातच खर्च होते. अर्थापर्यंत पोचेतो मूल दमून जातं. मग उतारा मीच मोठ्याने वाचला. पुठ्ठ्याची पट्टी ओळीखाली सरकवत तो ऐकत राहिला.

“आजीने कंदील का विझवला असेल रे?”

“रॉकेल वाचवायला, बाई.”

उताऱ्यात तसं कुठेच लिहिलेलं नव्हतं! माझे डोळे भरून आले. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने अध्ययन अक्षमतेची दखल घेतली; वर्गात ती रोज आपणच घ्यायची असते. समज त्याच्याकडे होतीच, वाट तेवढी अडलेली. उद्या पुन्हा तोच उतारा, दोघं मिळून.