दिवाळीच्या सुट्टीत हट्टा

बालमित्रांनो, परभणीहून वसमतच्या एस.टी.त बसलात की वाटेत हट्टा हे गाव लागतं. तालुका वसमत. १९९९ साली परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला, तेव्हा ते नव्या जिल्ह्यात आलं. या भागात दिवाळीला शेतं कशी दिसतात? कापूस, तूर अन् रुंद पानांची हिरवीगार हळद!

पण याच दिवसांत जिल्ह्यातली कितीतरी गरीब कुटुंबं मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला निघतात. नवरा-बायकोच्या जोडीला तिथं ‘एक कोयता’ म्हणतात. भांडीकुंडी, अंथरुणं अन् पोरंही गाडीत! चार-पाच महिने शाळा सुटते. मुलं गावीच राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहं निघाली. काही मुलं आजीपाशी राहतात.

इथंच ताई-दादांचं काम. १९६९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेत अकरावी-बारावीचे विद्यार्थीही असतात. त्यांचं सात दिवसांचं शिबिर खेड्यात भरतं. झाडलोट, शोषखड्डे होतातच. पण मागं राहिलेल्या मुलाला रोज तासभर वाचायला बसवणं, आजीला घागरभर पाणी आणून देणं, यालाही पैसा लागत नाही. त्या एका तासानं त्याची शाळा टिकू शकते. तुमच्या गल्लीत असं कुणाचं घर आहे का, बघा बरं!