गाडी डावीकडं वढती

आमच्या पांढऱ्या चारचाकीनं 2020 सालच्या बेंदरानंतर डाव्या अंगाला ओढ घेतली. स्टेअरिंगवरचा हात जरा सैल सोडला की ती रस्त्याकडच्या बाभळीकडं निघायची. दहिवडीपर्यंत जाऊन आलं तरी उजव्या खांद्याला कळ लागायची, इतकी तिला धरून ठेवावी लागे.

त्याआधी दोनच दिवस थोरला ती घेऊन साताऱ्याला जाऊन आला होता. मी गाडीभोवती फेरी मारली आणि त्याला विचारलं, "कुठं आदळलीस?" तो म्हणाला, "कुठंबी न्हाय. जातानाच वढत हुती, तात्या." मला ते पटलं नाही. "आदळल्याशिवाय लोखंड वाकडं हुतं व्हय?" असं चार माणसांत बोललो. शेजारचा दूध घालायला निघालेला, तोही थांबून ऐकत होता. थोरल्यानं किल्ली खिळ्याला अडकवली. त्यानंतर त्यानं गाडीला हात लावला नाही. कुठं जायचं तर एसटीनं नाही तर कुणाच्या फटफटीवर मागं बसून जायचा. जेवायला एका पंगतीला बसायचो, पण माझ्याशी बोलणं मिठापुरतं.

मी मात्र दुरुस्तीच्या मागं लागलो. एकानं सांगितलं, रस्त्यालाच उतार असतो. ते खोटं नाही. पाणी निघून जावं म्हणून डांबरी रस्ता मध्ये उंच आणि दोन्ही कडांना उतरता करतात. आपण डावीकडनं चालणार, त्यामुळं कुठलीही गाडी हात सोडला की हळूहळू डावीकडं सरकते. पण सरकणं वेगळं आणि ओढणं वेगळं. पहाटे रस्ता मोकळा बघून मी थोडं अंतर उजव्या कडेनं चालवून बघितली. तिकडचा उतार उलटा, तरी बया डावीकडंच! मग अलायमेंट करून आणली. चाकांचा कोन बसला, पैसे गेले, ओढ होती तिथंच. पंधरा दिवसांनी दुसऱ्याकडं परत केली. तिथला पोरगा म्हणाला, "चाकं सरळ हायती, काका." मी मनात म्हटलं, म्हणजे आतलं काहीतरी वाकलंय, पोरानं चांगलीच आदळलेली दिसती.

श्रावणात घरच्यांचं डोळ्याचं ऑपरेशन फलटणला ठरलं होतं. थोरल्याला चल म्हणायला माझी जीभ उचलेना. आम्ही दोघंच निघालो. मोगराळ्याचा घाट उतरताना घरची म्हणाली, "काहीतरी जळल्यागत वास येतोय." मी म्हटलं, कुणीतरी पालापाचोळा पेटवला असंल. भरपावसात कोण पालापाचोळा पेटवतंय, हे तिला कळत होतं, मला नाही. दोन वळणं गेली आणि ब्रेकचा पाय मऊ लागला. एकदा दाबला तर खाली गेला. पुढं वळण, समोरनं दुधाचा टेम्पो. दोनतीनदा पटपट दाबला, गाडी खालच्या गिअरमध्ये टाकली, हँडब्रेक ओढला, तेव्हा कठड्याच्या हातभर अलीकडं उभी राहिली. घरचीनं डोळे मिटलेले होते. उतरून बघतो तर पुढचं डावं चाक असं तापलेलं, की जवळ हात नेववेना. ती पाण्याची बाटली घेऊन ओतायला निघाली. बरं झालं, टोपण घट्ट बसलं होतं. तापलेल्या डिस्कवर गार पाणी पडलं की ती वाकती, हे मला नंतर कळलं. तासभर थांबलो आणि बैलगाडीच्या चालीनं फलटणला पोचलो.

तिथला मिस्त्री वयानं माझ्याएवढाच. गाडीला हात लावायच्या आधी त्यानं विचारलं, "सारखी वढती, का ब्रेक दाबल्यावरच?" सारखी, म्हटलं. "दाबल्यावरच उजवीकडं गेली असती, तर डावा ब्रेक धरत न्हाय म्हणलो असतो. सारखी डावीकडं जाती म्हणजे डावा सोडत नसंल." तरी त्यानं पायऱ्या चुकवल्या नाहीत. आधी चाकं गार होऊ दिली, हवा मोजली. दोन्हीकडं सारखी. मग पुढचे टायर डावा उजवीकडं आणि उजवा डावीकडं घातला. ओढ बाजू बदलती तर दोष टायरचा. बदलली नाही. मग जॅक लावला. उजवं चाक हातानं ढकललं तर फिरत राहिलं, डावं जागचं हललं नाही.

त्यावेळी मला वडील आठवले. आमची गाडी खिल्लार बैलांची. एका अंगाला ओढायला लागली की ते चाबूक खाली ठेवून उतरायचे. आधी दोन्ही बैलांचे खांदे चाचपायचे, खांदेसूज आलीय का बघायचे. मग आसाला वंगण आहे का, धाव ढिली झालीय का. बैलाला शिवी सगळ्यात शेवटी, आणि तीही बहुतेक वेळा द्यावी लागायची नाही.

मिस्त्रीनं कॅलिपर खोलला. पिस्टनवरचं रबर फाटलेलं, आत गंज धरलेला. पाय काढला तरी पिस्टन मागं सरत नव्हता, म्हणून पॅड डिस्कला घासत राहायचं. उजवीकडचं पॅड अजून जाड आणि डावीकडचं पार लोखंडाला टेकलेलं. घाटात त्याच तापानं ब्रेक ऑइल उकळलं आणि पाय मऊ पडला.

"आपटलीय का कुठं?" मी विचारलं.

"आपटल्याची खूण न्हाय. गाडी लई दिस उभी हुती का?"

मी गप्प झालो. मार्चअखेर सगळं बंद झालं, तेव्हा गाडी शेळ्यांच्या गोठ्याशेजारी ओल्या जागेत लावली होती. थोरला दर आठवड्याला म्हणायचा, चालू करून बांधापर्यंत फिरवून आणतो. मीच म्हणायचो, "पेट्रोल वर आलंय का? राहू दे." चार महिने ती जागची हलली नव्हती.

डोळ्याची तारीख दुसऱ्या दिवशीची घेतली. घरी आलो तो तिन्हीसांज झालेली. थोरला ओट्यावर बसला होता. झिजलेलं पॅड मी फडक्यात बांधून आणलं होतं, ते त्याच्यापुढं ठेवलं.

"मिस्त्री म्हणला, आपटलेली न्हाय. उभी ठिवून गंजली." आणि मग म्हटलं, "म्या ठिवली."

त्यानं पॅड उचललं, अंगठ्यानं कड चाचपली. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मागची चाकं उघडली का?"

"न्हाय."

"तीबी तेवढंच दिस उभी हुती की."

सकाळी मी धार काढून आलो, तर खिळ्याला किल्ली नव्हती. अंगणात मागचं चाक निघालेलं होतं आणि तो गुडघ्यावर बसून मला म्हणाला, "तात्या, तो मोठा पाना द्या जरा."