गेटर

पौषात जिंतुरात पहाटे शेकोट्या पेटतातच. परवाचा वास मात्र लाकडाचा नव्हता, रबराचा होता. आमच्याकडे टायर जळाल्याचा वास आला की माणूस दोनच गोष्टी विचारतो: थंडी लई पडली का, की रस्ता अडवलाय? बसस्टँडकडून हॉर्न ऐकू येत होते, म्हणजे रस्ता चालू होता. मी कानटोपी चढवून पोरांना रागवायला बाहेर आलो. कोपऱ्यावर चार पोरं उकिडवी बसलेली, मध्ये काळा धूर. जाळाच्या उजेडात टायरच्या कडेवरची उठावदार अक्षरं दिसली. ३.२५-१६.

"अरे, हे माझं टायर आहे!"

"सर, तुमीच तर भायेर टाकलं व्हतं," एकजण म्हणाला. त्यात खोटं काही नव्हतं.

काठीनं ओढून काढलं, वर बादलीभर पाणी ओतलं. बदल्यात पोरांना ढाळजेतली दोन फळकुटं दिली. बायको दारातून म्हणाली, "आधी टाकायचं, मग विझवायचं." उजाडल्यावर ते अर्धं जळालेलं टायर उलटं करून पाहिलं, तर आत वीतभर लांबीचा दुसऱ्याच टायरचा तुकडा चिकटलेला. गेटर.

ज्यांनी सायकलच्या दुकानात सुट्ट्या काढल्या त्यांना सांगायला नको. टायर कुठं कापलं गेलं की जुन्या टायरचा तुकडा आतून लावायचा. ट्यूब चिरेतून बाहेर डोकावत नाही आणि टायर आणखी एक पावसाळा काढतं. पण तुकड्याची कड जाड राहिली तर तीच ट्यूबला चावते. ह्या गेटरच्या चारही कडा इतक्या पातळ तासलेल्या होत्या, की बोट फिरवलं तर तो कुठं संपतो आणि टायर कुठं सुरू होतं ते कळत नव्हतं. गुरांची खुरं तासायच्या सुरीनं केलेलं काम. अण्णांचं.

अण्णा पशुधन पर्यवेक्षक होते. तालुका त्यांना डॉक्टरच म्हणायचा. १९७५ साली त्यांनी परभणीहून एक वापरलेली जावा आणली, १९६७ची. दोन्ही बाजूंना सायलेन्सर, खिळ्यासारखी किल्ली, आणि जो दांडा किकचा तोच गिअरचा. मागं औषधांची पेटी बांधून त्यांनी बोरी, बामणी, आडगाव, येलदरी, चारठाणा असा सगळा मुलूख पालथा घातला. १९९४ला ते निवृत्त झाले आणि गाडी ढाळजेत उभी राहिली. माझी शाळा सुटल्यावर, म्हणजे कायमची, मी ती चालू करायचं मनावर घेतलं. इंजिन महिनाभरात बोललं. अडलं ते टायरवर.

"सर, सतरा देतो, अठरा देतो, एकोणीस देतो," दुकानदार म्हणाला. "सोळाच काहून मागायलाव?" रिमच सोळाची आहे म्हटल्यावर त्यानं आतून टीव्हीएस एक्सएलचं टायर आणून काउंटरवर आपटलं. २.५०-१६. "घ्या, सोळा. बसतंय की."

बसतंय हे खरंच. शेवटचा आकडा रिमचा व्यास सांगतो, पहिला टायरची रुंदी, दोन्ही इंचांत. जुन्या मापात टायरची उंचीही रुंदीइतकीच धरायची. त्या ढोबळ हिशेबानं चाकाचा व्यास साडेबावीस इंचांवरून एकवीसवर येतो. किलोमीटरला ५५७ फेरे घेणारं चाक ५९७ घेऊ लागतं. परभणी येईपर्यंत दीड हजारांवर फेरे जादा. शिवाय टायरच्या कडेवर ४१ हा भारांक होता, आणि तक्त्यात ४१ म्हणजे १४५ किलो. मागच्या चाकावर गाडीचा निम्म्याहून जास्त भार, त्यात दोन माणसं आणि पेटी. मी मास्तरकीच्या सवयीनं हे सगळं त्याच्याच पावतीच्या पाठीवर मांडून दाखवलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. "एक्सएलवर लोक सिमेंटची चार पोती नेतात, सर," म्हणाला.

मग एका मोठ्या शहरातलं दुकान कुणीतरी सुचवलं. तिथं जावाचं माप होतं, गुंडाळलेला कागदही फाडलेला नव्हता. "कोरं आहे," मालक म्हणाला. कोरं होतंच. पण कडेवरच्या लांबट चौकटीत चार आकडे होते: ३७११. म्हणजे २०११ सालचा सदतिसावा आठवडा. रबर न चालता म्हातारं होतं. हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन त्याला बसल्याजागी कडक करतात, आणि अंगठ्यानं वाकवलं की नक्षीच्या तळाशी केसासारख्या भेगा उघडतात. मी त्या भेगा दाखवल्या. तो म्हणाला, "काका, गाडी १९६७ची, मग टायर २०११चं चालायला काय झालं?" ह्या वाक्याचा राग मला अजून येतो, कारण त्याला उत्तर देता आलं नाही.

दुसरा राग जुना आहे. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावावाले आपला दिवस साजरा करतात. चकाकत्या गाड्या रांगेनं लागतात, फोटो निघतात. मी एकदा संभाजीनगरला असा मेळावा पाहायला गेलो होतो. एकजण गुडघ्यावर बसून मऊ फडक्यानं मडगार्डची आतली बाजू पुसत होता. आतली बाजू! जुलैत! मला वाटलं, ह्याला पाऊस पडून गेल्यावर चारठाण्याच्या पलीकडं न्यावं.

कारण माझ्यापाशी जावाची एकच आठवण आहे, बाकीच्या तिच्या पोटात येतात. १९७८चा पावसाळा, मी नऊ-दहा वर्षांचा. संध्याकाळी चारठाण्यापलीकडच्या एका वाडीहून माणूस आला: म्हैस अडलीय. अण्णांनी मला का बरोबर घेतलं, माहीत नाही. बहुधा बॅटरी धरायला. पक्की सडक संपली आणि काळी माती सुरू झाली. ही माती चाकाला चिकटते आणि चाकाबरोबर वर चढते. टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये थरावर थर बसत जातो, आणि शंभरेक पावलांवर चाक फिरायचंच थांबतं. जावाचं मडगार्ड खोल, टायरला मिठी मारल्यासारखं. डौल त्याचाच, आणि आमच्या मातीत घातही त्याचाच. अण्णांनी कुंपणाची पळाटी मोडून माझ्या हातात दिली. ते गाडी ढकलायचे, चाक अडलं की मी मडगार्डात पळाटी खुपसून माती उकरायची. पुन्हा शंभर पावलं. दिव्याचा पिवळा उजेड इंजिनाबरोबर मोठा-बारीक व्हायचा.

परवा हिशेब करताना लक्षात आलं: एक्सएलचं ते टायर पाऊण इंचानं अरुंद आहे, म्हणजे दोन्ही अंगांना जवळजवळ एकेक सेंटिमीटर फट जास्त. त्या रात्री अण्णांना तेच चाललं असतं. दुकानदाराला हे सांगायला मी गेलेलो नाही.

इथं डनलॉपचं सांगावंसं वाटतं, जरी त्याचा जिंतूरशी काही संबंध नाही. जॉन बॉईड डनलॉप स्कॉटलंडचा. बेलफास्टमध्ये तो पशुवैद्य होता. पोराची तीनचाकी सायकल दगडी रस्त्यावर आदळते म्हणून त्यानं चाकांवर हवा भरलेल्या रबरी नळ्या बसवल्या आणि १८८८ साली पेटंट घेतलं. पुढं कळलं, की रॉबर्ट थॉमसन नावाच्या माणसानं तीच युक्ती १८४५लाच नोंदवून ठेवलेली. डनलॉपचं पेटंट रद्द झालं. नाव मात्र टिकलं. इतकं, की १९३६ साली हुगळीकाठी साहागंजला त्या नावाचा कारखाना उभा राहिला. अण्णांच्या गाडीला बरीच वर्षं त्याच नावाची टायरं होती. अण्णांना यातलं काही माहीत नसावं. मला आता मात्र दिसत राहतं, की जनावरांचा एक डॉक्टर पोरासाठी चाकात हवा भरतोय आणि दुसरा पोराला चिखलात उभं करून त्याच चाकातली माती उकरून घेतोय.

वाडीवर पोचलो तेव्हा अंधार पडून बराच वेळ झाला होता. म्हैस आडवी पडलेली. अण्णांनी सदरा काढला, साबणानं हात खांद्यापर्यंत धुतला, आणि जमिनीवर कुशीवर पडून हात आत घातला. मी बॅटरी धरली, पण ते तिकडं बघतच नव्हते. डोळे मिटलेले. चेहरा असा, जणू शेजारच्या खोलीतलं बोलणं ऐकतायत. "पाय मागं मुडपलाय," एवढंच म्हणाले. मग कितीतरी वेळ नुसता खांदा हलत होता.

टायरला चीर कशी पडली, तेही ह्याच आठवणीत आहे. परतताना अण्णांनी मळ्यातून न येता लांबचा खडीचा रस्ता धरला. १९७२च्या दुष्काळात आमच्याकडं सगळीकडं अशी कामं निघाली. माणसं, बायका, म्हातारी उन्हात बसून हातोडीनं खडी फोडायची. पुढं बऱ्याच रस्त्यांचं खडीकरण झालं, डांबरीकरण राहिलं. हातानं फोडलेल्या खडीला धार असते. पहाटे तिनंच मागचं टायर कापलं. मी, झोपेनं वैतागलेला, रस्त्याला शिवी दिली असावी. अण्णा पाना काढता काढता म्हणाले, "ही लोकांनी पोटासाठी फोडलीय. तिला शिव्या द्यायच्या न्हाईत."

त्यांनी चाक काढलं, लिव्हर लावून टायरची एक बाजू सोडवली, ट्यूब ओढून घेतली. ट्यूब फुगवून वाडीवरच्या लोकांनी दिलेल्या कळशीतलं पाणी तिच्यावर ओतलं. बुडबुडे आले तिथं कानशीनं घासलं, सोल्यूशन लावलं, फुंकर न घालता वाळू दिलं, मग ठिगळ. त्यानंतरचं मला सगळ्यात जास्त दिसतं. ट्यूब परत घालण्याआधी त्यांनी हात टायरच्या आत घातला. डोळे मिटले. तळवा आतून हळूहळू सगळ्या टायरवर फिरवला, एक पूर्ण फेरा, मग उलटा फेरा. चीर कळली होती, ठिगळ लागलं होतं. आणखी काय शोधतायत? "काटा," ते म्हणाले. "एक घाव दिसला म्हणून दुसरा नसतो असं न्हाई." आणि निघालाच बाभळीचा एक, मोडका, आत टोक काढून बसलेला. तो राहिला असता तर जिंतूरचं तोंड दिसलं नसतं. अण्णांच्या नखांत अजून गोठ्यातलं रक्त होतं. ट्यूबला त्यांनी डबीतलं शंखजिरं चोळलं, म्हणजे ती आत चिकटत नाही, आणि चाक बसवलं.

रेडकू मेलेलंच निघालं होतं. म्हैस वाचली. हे मी मघाशी सांगायला हवं होतं.

गेटर त्यांनी नंतर घरी लावला असणार. तो मी पाहिला नव्हता. पुढं कैक टायरं बदलली. पुढच्या-मागच्याचं माप एकच म्हणून ते अधूनमधून पुढचं मागं आणि मागचं पुढं करायचे, मागचं लवकर झिजतं म्हणून. त्यामुळं जळता जळता वाचलेला हा तुकडा त्या रात्रीच्या टायरचा आहे, की त्या रात्रीचं टायर कापून हा तुकडा झालाय, की दोन्ही नाही, हे कळायला मार्ग नाही. एवढं मात्र कळलं, की मी ज्या जावासाठी मूळचं माप, मूळची नक्षी असा हट्ट धरून बसलोय, ती अण्णांच्या हाताखाली कधीच मूळची नव्हती. आतून ती ठिगळांचीच होती.

शेवटी जोडी मिळाली. जावाच्या मापाची नवी टायरं आजही निघतात. शोधणारा चिवट हवा. कडेवरचे चार आकडे वाचले, गेल्याच वर्षीचे. पुढच्याला सरळ रेघांची नक्षी, चाक ओळीत राहतं. मागच्याला तुकड्यातुकड्यांची, जोर तिथं लागतो. ट्यूबलेसचा विषय नाही, आऱ्यांची रिम हवा धरत नाही. आतली रिमपट्टीही नवी घेतली, आऱ्यांची टोकं ट्यूबला टोचतात. बसवणारा पोरगा हुशार होता, चाक मांडीवर घेऊन दहा मिनिटांत एक बाजू चढवली. ट्यूब घालणार तेवढ्यात मी थांब म्हणालो आणि हात आत घातला.

"सर, नवं हाय ते. आत काय असणारे?"

काहीच नव्हतं. साच्याचे बारीक रबरी केस तळव्याला गुदगुल्या करत होते. मी डोळे मिटून फेरा पूर्ण केला, उलटाही केला. पोरगा शंखजिऱ्याची पुडी घेऊन उभा होता, आणि त्या पांढऱ्या भुकटीचा वास आला.

हा वास मला टायरांतून आठवायला हवा होता. पण आठवला तो अण्णांच्या शेवटच्या पावसाळ्यातला. चार महिने ते ढाळजेलगतच्या खोलीत पडून होते. नर्सबाईंनी शिकवलं होतं, दर दोन तासांनी कूस बदला, पाठीवर जखम उठतेय का बघा, कोरडी ठेवा. मी पावडर घेऊन बसायचो. पाठ आता पाठ राहिली नव्हती, मणक्यांची रांग होती. दिसण्याआधी हाताला कळतं म्हणून मी डोळे मिटून तळवा फिरवायचो, खांद्यापासून माकडहाडापर्यंत, मग परत वर. एका दुपारी, बोलणं जवळजवळ थांबलेलं असताना, ते भिंतीकडं तोंड करूनच म्हणाले, "सापडला का?"

"न्हाई, अण्णा," मी म्हणालो.

"अजून एकदा फिरव."

मी फिरवला.