निनावी अर्ज

वकिलाच्या ओसरीवर सकाळच्या पहिल्या चहाच्या वेळी येणारा पक्षकार खुनाची किंवा दरोड्याची हकीकत घेऊन येतो, अशी पुष्कळांची समजूत असते. आमचा वीस वर्षांचा अनुभव निराळा आहे. तो बहुधा शेजाऱ्याविषयी गाऱ्हाणे घेऊन येतो. कोणाच्या पागोळ्या कोणाच्या भिंतीवर पडतात. कोणी मोरीवर ओटा बांधून गल्ली हातभर अरुंद केलेली असते. कोणी सामाईक भिंतीत कोनाडा करता करता खिडकीच पाडलेली असते. कोणाच्या उंबराची मुळे कोणाच्या जोत्याखाली शिरलेली असतात. व्यापारात बुडालेले हजारो रुपये मनुष्य कालांतराने विसरतो. शेजाऱ्याने बळकावलेली वीतभर जागा मात्र तो मृत्युपत्रात लिहून ठेवतो.

अशा गाऱ्हाण्यांचे शहर पुढे काय करते, हे प्रथम थोडक्यात सांगावयास हवे. अर्ज पालिकेच्या झोन कार्यालयात जातो. भवन निरीक्षक जागेवर येतो, मंजूर नकाशा मागतो, फीत लावून मोजमाप घेतो आणि पंचनामा करतो. नंतर मालकास नोटीस जाते व खुलाशासाठी मुदत मिळते. वाढीव बांधकाम नियमांत बसण्याजोगे असेल तर शुल्क भरून ते कायम करून घेता येते. नसेल तर मालकाने ते स्वतः काढावयाचे. तेही न केल्यास पालिकेची माणसे येऊन काढतात आणि खर्च मालकाकडून वसूल होतो. मोडकळीस आलेल्या घरांचा मार्ग थोडा वेगळा. पावसाळ्यापूर्वी त्यांची यादी होते. आमच्याकडील सरकारी कागदांत त्यांना ‘जर्जर भवन’ म्हणतात. आणि दुरुस्त करा किंवा उतरवून घ्या, अशी सूचना मालकास मिळते. मध्यप्रदेशात आता १८१ हा क्रमांक लावूनही तक्रार नोंदविता येते. खालच्या अधिकाऱ्याने ती मुदतीत निकालात काढली नाही तर ती वरच्याकडे जाते. अशा चार पायऱ्या आहेत. गोव्यातील किंवा बेळगावकडील वाचकांस कायद्यांची नावे निराळी आढळतील. नोटिशीचा प्रवास मात्र थोड्याफार फरकाने हाच.

हे यंत्र निरुपयोगी आहे असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. आमच्या माळव्यातील रतलाम शहरात न्यू रोडवरील रहिवासी उघड्या गटारांनी, दुर्गंधीने आणि मद्यार्काच्या कारखान्यातून येणाऱ्या घाण पाण्याने गांजून गेले होते. त्यांनी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ चा आधार घेऊन दंडाधिकाऱ्याकडे धाव घेतली. नगरपालिकेने पैसा नसल्याची सबब पुढे केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि १९८० च्या जुलै महिन्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर व न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी ती सबब फेटाळून लावली. तिजोरी रिकामी आहे म्हणून नागरिकांच्या आरोग्याचे कर्तव्य संपत नाही, असा त्या निर्णयाचा आशय. ते कलम आज नव्या नागरिक सुरक्षा संहितेत १५२ या क्रमांकाने नांदत आहे. दुसऱ्या बाजूस, पाडापाडीची घाई करणाऱ्या सत्तेसही त्याच न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०२४ रोजी आवर घातला. रस्ता, नदी अशा सार्वजनिक जागेवरील अतिक्रमणे आणि न्यायालयांनीच दिलेले आदेश वगळता, बांधकाम पाडण्यापूर्वी निदान १५ दिवसांची नोटीस नोंदणीकृत टपालाने पाठवावी, ती घरावर चिकटवावी आणि मालकाचे म्हणणे समक्ष ऐकून घ्यावे, असे बंधन त्याने घातले. ज्याच्यामागे कोणी नाही, त्याच्यामागे असा एखादा कागद उभा राहतो, हे आम्ही पक्षकारांस नित्य सांगत आलो आहो. तथापि याच यंत्राचा आम्ही एकदा असा उपयोग केला की, त्याची आठवण झाली म्हणजे अद्यापि मान खाली जाते.

आमचे घर जुन्या वस्तीत आहे. वाडवडील होळकरांच्या राज्यात नोकरीनिमित्त इकडे आले आणि राममंदिराच्या सावलीत राहिले. मंदिराभोवती पंधरा-वीस मराठी घरे, घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर माळवी, असा आमचा संसार. शेजारी अण्णाकाका राहतात. गणित शिकवून ते निवृत्त झालेले. पहाटेच्या काकडआरतीत पहिला आवाज त्यांचा. आमचे वडील गेल्यानंतर आम्हांस ‘अरे’ म्हणून हाक मारणारे गल्लीत तेवढे एकच मनुष्य उरले होते.

त्यांच्या माडीची लाकडी गॅलरी गल्लीवर आलेली होती. रामनवमीची पालखी खालून जाऊ लागली की काकू त्या गॅलरीतून फुले उधळीत. सात वर्षांपूर्वी तिचे लाकूड कुजले, खालचा एक टेकू भिंतीपासून सुटला आणि गॅलरी गल्लीकडे झुकली. मुले त्याच वाटेने शाळेत जात. आमची मुलगी त्यांतच होती. बोलावे, असे दोन-तीन वेळा मनात आले. परंतु काकूंचे आजारपण चालू होते, औषधपाण्याचा खर्च आम्हांस ठाऊक होता, आणि ‘दुरुस्तीस पैसे नाहीत’ हे शब्द त्या मानी माणसाच्या तोंडून वदवून घेणे बरे नव्हे, असे आम्ही स्वतःची समजूत घालून सांगितले. खरे कारण एवढे उदात्त नव्हते. वाईटपणा आपण कशाला घ्यावा, इतकेच ते होते.

अखेर एका दुपारी आम्ही एक अर्ज टंकलिखित केला. दूरध्वनीवर तक्रार करावी तर आपला क्रमांक नोंदला जातो, म्हणून कागद बरा वाटला. खाली ‘एक नागरिक’ असे लिहून तो डाकेत टाकला. त्यातील एकही विधान असत्य नव्हते. घराचा क्रमांक, गॅलरीची लांबी, मुलांची वर्दळ, सर्व काही यथास्थित होते. इतका नीटस निनावी अर्ज त्या कार्यालयात क्वचितच गेला असेल.

पंधरवड्यात नोटीस लागली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, पहिल्या चहाच्याच वेळी, अण्णाकाका ती हातात घेऊन आमच्या ओसरीवर आले.

“अरे, हे बघ. कोणीतरी अर्ज केला आहे. निरीक्षकाने मला वाचून दाखविला. लिहिणारा चांगला शिकलेला दिसतो. आता याचे उत्तर तूच लिहून दे.”

वकिलाने एकाच प्रकरणात दोन्ही बाजूंनी उभे राहू नये, हा आमच्या व्यवसायाचा साधा नियम. येथे तर अर्जदारही आम्हीच. आम्ही कागद ठेवून घेतला आणि ‘पाहतो’ एवढेच म्हटले. दोन दिवस तो मेजावर पडून होता. तिसऱ्या दिवशी काकडआरती आटोपल्यावर, मंदिराच्या पायरीवर, तो अर्ज आमचा होता हे आम्ही त्यांना सांगून टाकले.

ते बराच वेळ टाळांची दोरी गुंडाळीत बसले. मग म्हणाले, “गॅलरी पडायला आली आहे हे मला दिसत नव्हते, असे वाटले का तुला? मी रोज रात्री तिच्यावर हात ठेवून पाहत होतो. कोणी विचारील, म्हणजे मला तोंड उघडता येईल, म्हणून थांबलो होतो.”

एवढे बोलून ते उठले. चार पावले गेल्यावर मागे वळून त्यांनी विचारले, “नोटिशीची मुदत कधी संपते, वकीलसाहेब?” त्या दिवसापासून त्यांच्या तोंडचे ‘अरे’ गेले आणि ‘अहो’ आले.

पुढचे काम सरळ झाले. मंदिराची मंडळी जमली. पालखी दुरुस्त करणाऱ्या सुतारानेच गॅलरी उतरविली. खर्च घरोघर वाटून घेतला. परंतु अण्णाकाकांनी तो उसना म्हणूनच स्वीकारला आणि दर महिन्यास फेडून मंदिराच्या वहीत जमा लिहवून घेतला. भिंत पक्की झाली, अभियंत्याचे प्रमाणपत्र दाखल झाले, आणि प्रकरण दंडावाचून बंद झाले. नोटिशीमुळे एक संकट टळले, हे निर्विवाद. नोटीस आली नसती तर मंडळी जमली असती काय, हा प्रश्न आम्ही अनेकदा स्वतःस विचारला आहे. त्याचे उत्तर असे की, कोणी विचारलेच नव्हते.

त्या दिवसांत आम्ही कौटिल्याचे अर्थशास्त्र पुन्हा उघडले. त्याच्या धर्मस्थीय या तिसऱ्या अधिकरणात घरे, मोऱ्या, खिडक्या आणि पावसाचे पाणी यांविषयी नियम आहेत, आणि ते मोडणाऱ्यास दंड आहेत. घरादाराच्या वादात शेजाऱ्यांच्या साक्षीवर भिस्त ठेवावी, असे तो सांगतो. दंडाची यादी देताना त्याचा हात आखडत नाही. परंतु घरमालकांनी एकत्र बसून आपल्या सोयीने बांधावे आणि जे नको ते आपसांतच टाळावे, अशी मोकळीकही त्याने त्याच ठिकाणी ठेविली आहे.

या मोकळिकीचे एक उदाहरण आमच्या इंदुरातच घडले आहे. पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकाराने १९१८ साली इंदूर दरबारास दोन खंडांचा अहवाल सादर केला. सुधारणा म्हणजे जुनी वस्ती पाडून रुंद रस्ते काढणे, अशी त्या काळी रूढ कल्पना होती. वस्तीचा जीव राखून, जेथे अगदीच नडते तेवढेच कापावे, असे गेडिस यांचे म्हणणे. दिवस प्लेगचे होते आणि लोक त्यांच्याकडे संशयाने पाहत. तेव्हा त्यांनी दिवाळीत एक मोठी मिरवणूक काढविली, आणि जी वस्ती आपली घरे झाडून-सावरून उत्तम ठेवील तिच्यातून ती नेली जाईल, असे जाहीर केले. प्लेगच्या उंदराचे अवाढव्य सोंग त्या मिरवणुकीत होते. नोटिशीवाचून लोक झाडू घेऊन बाहेर पडले. पालखीचा मार्ग ठरला की सडा-रांगोळी कोणास सांगावी लागत नाही, हे आमच्या वाचकांस ठाऊकच आहे.

गॅलरी गेल्यापासून काकू दारातच उभ्या राहून पालखीवर फुले वाहतात. अण्णाकाका भेटत, बोलत, प्रसाद आणून देत. परंतु प्रत्येक वाक्यात ‘आपण’ असे, आणि ते आम्हांस टोचत असे. असे कित्येक पावसाळे गेले.

गेल्या आषाढात आम्ही छपरास नवी पन्हाळ बसविली. पहिलाच मोठा पाऊस कोसळत होता. सामाईक भिंतीपलीकडून एकाएकी ओळखीचा आवाज आला:

“अरे! तुझ्या पन्हाळीचे सगळे पाणी माझ्या तुळशीवर पडते आहे! बघतोस की नाही?”

आम्ही छत्रीही न घेता शिडी आणावयास धावलो.