चांदणीचं ठाण

ग्वाल्हेरला लष्कर भागात माझ्या काकांचा छोटासा तबेला होता. वरातीच्या 4 घोड्या आणि 1 घोडा. शाळा सुटली की माझा मुक्काम तिथेच.

घोड्यांमध्ये प्रत्येकाचा मान ठरलेला असतो, हे मी तिथे पाहिलं. सगळ्यांत धिप्पाड होता बादल. पण हौदावर पहिलं पाणी प्यायची म्हातारी चांदणी. तिने कधी लाथ झाडलेली आठवत नाही. कान मागे पाडून मान जराशी पुढे केली, की बादलसुद्धा बाजूला सरायचा. भांडणं व्हायची ती नवी घोडी आली की. म्हणून काका नवीला आधी शेजारच्या ठाणावर बांधत, मध्ये लाकडी फळ्या. एकमेकींचा वास ओळखीचा झाला, की मगच मोकळं सोडत.

चांदणीची सोबतीण बिजली. दोघी विरुद्ध दिशांना तोंडं करून उभ्या राहत आणि आयाळीच्या बुडाशी एकमेकींना दातांनी खाजवत. घोडा उभ्या उभ्या डुलकी काढतो, पण गाढ झोपेसाठी त्याला आडवं व्हावंच लागतं. चांदणी आडवी झाली की बिजली शेजारी उभी असायची.

चांदणी थकली, तेव्हा आम्ही तिला मागच्या अंगणात वेगळी, ऐसपैस खोली बांधून दिली. कुणाची दाटी नाही, धक्काबुक्की नाही. तिने चंदीला तोंडच लावलं नाही. रात्रभर येरझारा घालायची, खिंकाळायची. इकडून बिजली उत्तर द्यायची. चौथ्या दिवशी काकांनी तिला जुन्या ठाणावर आणलं. बिजलीने फळीवरून मान पुढे केली. तासाभरात चांदणी गवत चघळू लागली.

त्याच वर्षी आजोबा गेले होते. आजीला घरातल्या गडबडीचा त्रास नको, म्हणून आम्ही तिला वरच्या मजल्यावर स्वतंत्र खोली दिली होती. ताट वर जायचं, अर्धं तसंच खाली यायचं.

त्या संध्याकाळी काका बराच वेळ हौदापाशी नुसते उभे राहिले. घरी आल्यावर एवढंच म्हणाले, "आईची गादी खाली माजघरात आणा."

खाली येताच आजीने मेथीची जुडी पुढ्यात ओढली आणि काकूला म्हणाली, "देठं किती लांब ठेवतेस गं!" काकू काही न बोलता सरकून बसली. मला चांदणीचे मागे पाडलेले कान आठवले.

त्या रात्री आजीचं ताट रिकामं झालं.