दवाखान्यातील दुसरा माणूस

गेल्या उन्हाळ्यात, दहावीचा निकाल लागून आठवडा झाला असेल-नसेल, एक पालक शिक्षकखोलीच्या दाराशी येऊन उभे राहिले. पायांत चिखलाने माखलेल्या वहाणा, खांद्यावर टॉवेल. आत या म्हटले तरी आत येईनात. दारातूनच म्हणाले, "सर, पोरगं गुरांच्या डाक्टरच्या हाताखालचं शिकतो म्हणूलालंय. त्येला पगार किती पडतोय?"

प्रश्न अगदी सरळ होता. आम्ही कलाशाखेचे पदवीधर. वृत्ते, अलंकार, इतिहासातील तह यांविषयी कोणी विचारले असते तर घटकाभर सहज बोललो असतो. येथे मात्र निरुत्तर झालो, आणि निरुत्तर झालेला शिक्षक जे बोलतो तेच बोललो, "चौकशी करून सांगतो."

ही चौकशी आम्ही केवळ कर्तव्य म्हणून केली असे नाही. चार वर्षांपूर्वी दुसऱ्या एका विद्यार्थ्याने हीच इच्छा बोलून दाखविली होती. तेव्हा आम्ही चौकशी वगैरे काही न करता मोठ्या ऐटीत सांगितले होते, "हाताखाली कशाला? डॉक्टरच हो की!" मुलगा आज्ञाधारक. त्याने शास्त्रशाखा घेतली, प्रवेशपरीक्षा दोनदा दिली, दोन्ही वेळा थोडक्यात हुकली. आज तो एका नातेवाइकाच्या दुकानात खिळे-मोळे तोलून देतो. बाजारात भेटला की वाकून नमस्कार करतो. त्याने आम्हांस कधी दोष दिला नाही, परंतु तो नमस्कार स्वीकारताना आमचा हात जड होतो.

वस्तुतः या 'हाताखालच्या' माणसाचा मोठेपणा आम्हांस फार पूर्वी कळावयास हवा होता. आमचे बालपण गोव्यात, सत्तरी तालुक्यात गेले. घरी एक गाय होती. एका पावसाळी रात्री ती अडली. वासराचा एक पाय आत दुमडलेला. दवाखान्यातून एक कृश देहाचा मनुष्य बॅटरी घेऊन आला. त्याने खांद्यापर्यंत हात साबणाने धुतला, खोबरेल तेल मागून घेतले, आणि वासराला आधी आत ढकलून, मग पाय सरळ करून, गाईच्या कळेबरोबर हलके हलके बाहेर ओढले. ओढण्याआधी ढकलावे लागते, ही गोष्ट आम्ही त्या रात्री पाहिली. वासरू शिंकले. आई त्याला पुनःपुन्हा 'दोतोर, दोतोर' म्हणत होती. तो हात धूत म्हणाला, "हांव दोतोर न्हय, वयनी." त्याने चहा घेतला आणि पावसात निघून गेला. मग तो होता तरी कोण, असा प्रश्न त्या वयात आमच्या मनात आला नाही.

त्याचे उत्तर आता चौकशीअंती मिळाले. भारतीय पशुवैद्यक परिषदेचा कायदा १९८४ साली झाला. त्याच्या तिसाव्या कलमाने गुरांवर उपचार करण्याचा अधिकार नोंदणीकृत पदवीधराचा आहे. पदविकाधारकास राज्य शासन आदेश काढून काही किरकोळ सेवांची मुभा देऊ शकते, आणि त्याही पदवीधराच्या देखरेखीखाली व मार्गदर्शनाखाली. कायदा वाचताना त्यात काही वावगे दिसत नाही. मुक्या जिवावर कोणीही सुरी चालवावी असे कोण म्हणेल? परंतु महाराष्ट्रात श्रेणी-२ चे म्हणून जे दवाखाने होते, त्यांचा कारभार वर्षानुवर्षे पशुधन पर्यवेक्षकच पाहत आले. देखरेख करणारा पदवीधर पुष्कळदा दुसऱ्या गावी. जबाबदारी पूर्ण, अधिकार किरकोळ, अशी ही नोकरी.

आता पगाराची गोष्ट. महाराष्ट्रात सातव्या वेतन आयोगाप्रमाणे पशुधन पर्यवेक्षकाची वेतनश्रेणी २५,५०० ते ८१,१०० रुपयांची ठरली, आणि पदवीधर पशुधन विकास अधिकाऱ्याची ५६,१०० पासून सुरू होणारी. महागाई व इतर भत्ते निराळे. म्हणजे एकाच खोड्यापाशी एकाच म्हशीला धरून उभ्या असलेल्या दोघांच्या मूळ पगारांत आरंभीच दुपटीहून अधिक अंतर. एकाचे शिक्षण बारावीनंतर सुमारे साडेपाच वर्षांचे, दुसऱ्याची पदविका दहावीनंतरची, हे लक्षात घेतले तर अंतर असणारच. आमची तक्रार अंतराची नाही, शिडीची आहे. पर्यवेक्षकास बढती मिळून तो सहायक पशुधन विकास अधिकारी होतो. त्याच्या वरच्या पायरीस पदवी लागते, आणि नोकरी, संसार व अपरात्रीचे बोलावणे सांभाळून ती कोणी कशी मिळवावी? तिशीतच ज्याला आपल्या शिडीचे टोक दिसते, त्याने उरलेली पंचवीस-अठ्ठावीस वर्षे तोच उत्साह टिकवावा अशी अपेक्षा आपण करतो. (शिक्षकांना हे दुःख समजावून सांगण्याची गरज नाही.)

तरीही ही झाली नोकरी मिळालेल्याची कथा. जागा निघाल्या नाहीत तर काय? उरुळीकांचनला मणिभाई देसाई यांनी १९६७ साली स्थापन केलेल्या 'बायफ' या संस्थेने कृत्रिम रेतनाची सेवा शेतकऱ्याच्या दारापर्यंत नेली. सहकारी दूधसंघही अशी माणसे ठेवतात. केंद्र शासनाच्या राष्ट्रीय गोकुळ मिशनात 'मैत्री' नावाने तीन महिन्यांचे शिक्षण देऊन, साहित्यासाठी ५० हजारांचे साहाय्य करून तरुणांस गावोगाव उभे केले जाते. पुढे मात्र कायमचा पगार नाही. गोपालक देईल त्या शुल्कावर चरितार्थ.

खानापूर तालुक्यात अशा एका तरुणाबरोबर आम्ही एक दिवस फिरलो. त्याच्या मोटारसायकलीस द्रवनत्राचे पात्र बांधलेले. आत उणे १९६ अंशांत गोठलेल्या रेतमात्रा. बाहेर काढलेली मात्रा ३७ अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट धरावयाची, ती वेळ तो मनात मोजत होता. "सर, काम नसलं तरी नत्र उडतच राहतंय," तो म्हणाला. म्हणजे हा धंदा असा, की स्वस्थ बसण्यासही खर्च येतो. म्हैस बहुधा मुका माज दाखविते, तोही रात्री किंवा पहाटे. घरची बाई जागी असली तरच ध्यानात येतो. रेतन फळले नाही तर पुढला माज २१ दिवसांनी. तेवढे दूध लांबणीवर पडले, तेवढा हप्ता थकला. अशा घरी दुसऱ्यांदा जाऊन पैसे कोणत्या तोंडाने मागावयाचे? त्या दिवशी तो पाच घरी गेला, पैसे दोन घरी मिळाले, एका घरी भोपळा.

आणखी एक गोष्ट त्याने सहज सांगितली, ती आम्हांस रात्रभर पुरली. चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना सांसर्गिक गर्भपाताची लस टोचतात. ती लस जिवंत जंतूंची असते. कालवडीने हिसका दिला आणि सुई टोचणाऱ्याच्याच बोटात शिरली, तर तो ताप माणसाला येतो, आणि उलटून उलटून येतो. त्याने हे सांगितले ते बिल्ले मारण्याचा चिमटा पुसता पुसता, जणू वाटेतल्या खड्ड्याविषयी सांगावे तसे.

हे सर्व आम्ही एका कागदावर लिहिले आणि त्या पालकांच्या घरी गेलो. त्यांनी म्हशीला पाणी दाखविले, मग आमच्यासमोर बसून कागद मुलाकडून वाचवून घेतला. आकडे दोनदा ऐकले. कायद्याचा भाग ऐकताना मान हलविली. सुईचा भाग आला तेव्हा मुलाच्या हाताकडे पाहिले. आम्ही वाट पाहत होतो की ते 'नको' म्हणतील, किंबहुना त्यांनीच म्हणावे आणि आमच्यावरील भार उतरावा, अशी लबाड इच्छाही मनात होती.

मुलगा म्हणाला, "मला जमंल, सर."

वडिलांनी कागद घडी करून टोपीत ठेवला व विचारले, "तिकडं महाराष्ट्रात जागा मिळंल का इकडंच बघायचं? इकडं असलं तर कानडी लागतंय."

सीमाभागातील ८६५ गावांतील उमेदवारांसाठी महाराष्ट्र शासनाने दार उघडे ठेवले आहे, हे आम्ही सांगितले. परंतु कर्नाटकातही बीदरच्या पशुवैद्यक विद्यापीठाच्या अखत्यारीत दहावीनंतरची दोन वर्षांची पदविका आहे, आणि शेजारच्या गावातील शेतकरी आपल्या म्हशीचे दुखणे कानडीतच सांगणार. मुलाचे कानडी परीक्षेपुरते, तेही काठावरचे. आमचे तर बसच्या पाट्यांपुरते. आमच्या कार्यालयातील एक वृद्ध लिपिक निवृत्त झाले आहेत, त्यांनी संध्याकाळी तासभर देण्याचे कबूल केले. आठवड्यातून तीन दिवस आम्ही दोघे त्यांच्या पडवीत बसतो. मुलगा आमच्यापेक्षा लवकर शिकतो आहे. परवा त्याने गुरांच्या आजारांची पंधरा नावे कानडीत लिहून दाखविली. आमच्या नऊ झाली.