खंड्याची अठरा नखं

मैत्रिणींनो, तुमच्या घरी कुत्रा असेल तर आज संध्याकाळी त्याचे चारही पंजे एकदा हातात घेऊन नीट बघा. कुत्रा नसेल तर हे पान शेजारणीला वाचायला द्या. मला कुणी आधी सांगितलं असतं तर आमच्या खंड्याचे दोन महिने वाचले असते, म्हणून लिहायला बसले आहे.

खंड्या आईकडून आल्सेशियन आणि बापाकडून अस्सल तासगावकर. ही गोष्ट सुरू झाली तेव्हा पाच वर्षांचा होता. २०२३ सालच्या भाद्रपदात, पंचमीला, परशुरामभाऊ पटवर्धनांनी बांधलेल्या आमच्या गणपतीचा रथ निघाला. त्या दिवशी तासगावात कुणाचंच घर आपलं राहत नाही. आमच्याकडे सकाळपासून वीस-पंचवीस माणसांची ये-जा होती. रात्री आवराआवर करताना फरशीवर रक्ताचे ठिपके दिसले. बघते तर खंड्याच्या पुढच्या पायाचं एक नख मुळापासून निघून बाजूला पडलेलं, आणि खालचा लाल, ओला गाभा उघडा. गर्दीत कुणाचा तरी पाय पडला असेल, असं आम्ही धरून चाललो. हळद लावली, पट्टी बांधली आणि विसरलो.

दहा दिवसांनी दुसऱ्या पायाचं नख गेलं. मग मागच्या पायाचं. आता कुणाचा पाय पडला म्हणायचं? दिवाळीपर्यंत नऊ नखं गेली होती. कुत्रा एरवी ठणठणीत. जेवत होता, भुंकत होता, ताप नव्हता. फक्त दिवसभर पंजे चाटायचा आणि पायरी उतरताना थांबून माझ्याकडे बघायचा. शहाबादी फरशीवरून त्याची टक टक ऐकू यायची ती बंद झाली, तेव्हा मला पहिल्यांदा खरी भीती वाटली.

उपाय सांगणारे काय कमी असतात! कुणी म्हणालं बुरशी, कुणी म्हणालं अशक्तपणा. मळ्यावरचे काका म्हणाले, “वैनी, त्याला रानात सोडा, मातीत नखं कडक व्हत्यात.” मला मात्र वाटत राहिलं, की माझ्याच निष्काळजीपणाने हे झालं. शाळेचे तास, घर, मुलांचा अभ्यास, यात कुत्र्याकडे बघायला मला वेळच कुठे होता? आणि त्या अपराधी मनाने मी एक खरीच चूक केली. एका रात्री तो फार कण्हत होता म्हणून माझ्या कंबरेसाठी आणलेली आयब्युप्रोफेनची अर्धी गोळी त्याला दिली. पहाटेपर्यंत तो ओकत होता. आपल्या वेदनाशामक गोळ्या कुत्र्यांच्या जठराला आणि मूत्रपिंडांना फार घातक असतात, हे मला नंतर कळलं. तुम्ही हे करू नका, एवढ्यासाठी ही कबुली.

गावातल्या औषधांनी पू थांबला, पण नखं गळायची थांबली नाहीत. शेवटी ह्यांनी रजा काढली आणि आम्ही खंड्याला घेऊन पहाटेच शिरवळला निघालो. तिथे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे. (नाना पाटील आपल्या सांगली जिल्ह्यातल्या येडेमच्छिंद्रचे. मी इतिहास शिकवते, तेव्हा एवढं सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही.)

तिथल्या डॉक्टरबाईंनी नखाचे तुकडे बुरशीसाठी तपासायला घेतले, रक्त घेतलं, पंजाचा एक्स-रे काढला. मग विचारलं, “चारही पायांची नखं जाताहेत, कुत्रा बाकी सुदृढ, वय पाच. बरोबर?” आजाराचं नाव त्यांनी कागदावर लिहून दिलं: सिमेट्रिकल लुपॉइड ऑनिकोडिस्ट्रॉफी. घरी येईपर्यंत मला ते उच्चारता येत नव्हतं. पण त्यांनी सांगितलेलं पटकन कळलं. शरीरात रोगजंतूंशी लढणारी जी फौज असते, ती नखाच्या मुळालाच शत्रू समजून त्यावर तुटून पडते. राखणदारानेच घरच्या माणसाला चोर समजून धरावं, तसं. आधी एक-दोन नखं जातात, मग काही आठवड्यांत, महिन्यांत बहुतेक सगळी. आल्सेशियनसारख्या काही जातींत हा आजार जास्त दिसतो. तो माणसांना लागत नाही, दुसऱ्या कुत्र्यालाही लागत नाही. बुरशी मात्र लागू शकते, म्हणून ती आधी तपासायची. पक्कं निदान करायला बोटाचं शेवटचं हाड नखासकट काढून तपासावं लागतं. पण चित्र इतकं स्पष्ट असताना ती घाई नको, असं त्या म्हणाल्या.

“म्हणजे हे मी केलं नाही?” मी विचारलं.

“तुम्ही काय करणार?” त्या म्हणाल्या. मला रडूच आलं.

भूल देऊन त्यांनी लोंबकळणारी नखं काढली. औषधं दिली ती अशी: डॉक्सिसायक्लिन, जे इथे जंतू मारण्यापेक्षा त्या बिथरलेल्या फौजेला शांत करायला देतात, त्याच्या जोडीला नायसिनामाइड, म्हणजे ब-३ जीवनसत्त्वाचा एक प्रकार, ई जीवनसत्त्व, आणि माशाचं तेल. मात्रा कुत्र्याच्या वजनावर ठरते, म्हणून इथे लिहीत नाही. चिठ्ठीवर नायसिनामाइड असेल तर दुकानदाराने हातात ठेवलेलं नुसतं नायसिन चालत नाही, एवढं बघा. लहानपणी आपल्याला पाजायचे ते कॉडलिव्हर ऑइलही वेगळं. त्यात अ आणि ड जीवनसत्त्व फार असतं, ते रोज भरपूर देणं बरं नव्हे. याने भागलं नाही तर आणखी कडक औषधं आहेत, पण त्यांचे त्रासही तसेच, म्हणून आधी हे.

आता माशाचं तेल! आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. सासूबाईंनी बाटली हातात घेतली, वास घेतला आणि म्हणाल्या, “एवढंच बघायचं राहिलं होतं.” जवसाचं तेल का चालत नाही, असा त्यांचा रास्त प्रश्न होता. जवसाची चटणी आमच्या घरी बारा महिने. मी डॉक्टरबाईंना फोन केला. जवसातल्या तेलाचं हवं त्या रूपात रूपांतर करणं कुत्र्याच्या शरीराला फारसं जमत नाही, असं उत्तर आलं. दोन दिवस घरात अबोला होता. तिसऱ्या दिवशी मागच्या पडवीत एक फळी ठोकली गेली. तिच्यावर तेलाची बाटली, वेगळी वाटी, वेगळा चमचा. फळी कुणी ठोकून घेतली, हे मी विचारलं नाही. पुढे एकदा सासूबाई गोळी दहीभातात दडवून त्याला भरवताना सापडल्या. दूध-दह्यातल्या कॅल्शियमने या औषधाचा गुण कमी होतो, म्हणून ते बंद करून भाकरीच्या गोळ्यात द्यायला लागलो. गोळी घशात अडकू नये म्हणून वर पाणी.

शाळेच्या वहीच्या शेवटच्या पानावर मी चार पंजे काढले. पुढे पाच-पाच, मागे चार-चार, एकूण अठरा नखं. गेलेल्या नखावर फुली, नवीन येताना दिसलं की भोवती गोल. पौष लागेपर्यंत पंधरा फुल्या झाल्या होत्या. नव्या नखाला घाई नसते. तीन-चार महिने झाल्याशिवाय औषध लागू पडलं की नाही हे ठरवूच नका, असं सांगितलेलं होतं. दर रविवारी नखं आखूड कापायची, कडा घासायच्या, पंजे कोमट पाण्याने धुऊन बोटांमधून कोरडे करायचे. त्याच्याखालचं गोणपाट काढून टाकलं, कारण धाग्यात नख अडकलं की उपटून येतं. मुलांनाही एक ताकीद मिळाली: द्राक्ष आणि बेदाणा खंड्याला अजिबात नाही, त्याने कुत्र्याची मूत्रपिंडं बिघडू शकतात. तासगावात हे पाळणं म्हणजे समुद्रकाठी राहून वाळू टाळणं! त्यात हे बाजार समितीत नोकरीला, बेदाण्याचे नमुने ह्यांच्या खिशातच असतात.

खर्चाचंही सांगते. मी तासिका तत्त्वावर शिकवते. माझ्या मानधनातला बराच भाग त्या पडवीतल्या फळीवर जात होता. फेब्रुवारीत आठ नखांभोवती गोल आले, दहावीचे सराव पेपर तपासायला आले आणि मीच मनाशी ठरवलं, आता पुरे. कुणाला न विचारता गोळ्या थांबवल्या. मार्च उजाडला आणि मागच्या डाव्या पायाचं नवंकोरं नख मुळापासून सुटलेलं दिसलं. त्या रात्री वहीत ती फुली मारताना माझा हात चालेना. हे एवढंच म्हणाले, “उद्यापासून परत.” ते रागावले असते तर बरं झालं असतं.

परत सुरू केलं. पुढच्या रथापर्यंत सोळा गोल झाले. आलेली नखं पहिल्यासारखी गुळगुळीत नाहीत. काही वाकडी आहेत, काही कडेने भुगा होतात. औषध हळूहळू कमी केलं आहे, माशाचं तेल मात्र चालूच राहील. दोन नखं अजून धड येत नाहीत आणि कदाचित येणारही नाहीत.

काल रात्री मी वह्या तपासत होते. स्वयंपाकघराकडून टक टक ऐकू आली. सासूबाई आतून ओरडल्या, “अगं, ह्याची नखं वाढलीत बघ, झोप लागू देत नाही मेला!”

कात्री कुठे ठेवली ती शोधायला हवी. उद्या रविवार.